बांधापलीकडच्या अळ्या

फ्लॉवरच्या पानाखालची अळी सकाळी लवकर सापडते. ऊन चढलं की ती गड्ड्यात शिरते आणि मग कुणाच्या बापाला सापडत नाही. म्हणून थोरली फटफटायच्या सुमारास सरीत जाऊन बसायची. एका हातात साबणाच्या पाण्याचा डबा, दुसरा हात मोकळा. पान उलटायचं, अळी चिमटीत धरायची, डब्यात टाकायची आणि उकिडवं बसूनच पुढं सरकायचं. अळी हिरवी, पानही हिरवं. चिमटीत एखादी फुटली की बोटांना चिकट रस लागायचा, आणि राखेनं घासले तरी जेवताना घासागणिक हात वास मारायचे.

असं सरकून सरकून तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. कमरेचं तर तिनं नाव घेणंच सोडलं होतं. उठताना आधी एक हात जमिनीला, मग दुसरा मांडीला, मग थोडं थांबायचं, मग उरलेलं शरीर वर ओढायचं, विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसं.

तिला घरात थोरली म्हणत, कारण धाकटी सून धाकट्या दिरासोबत शहरात होती आणि शेताला फक्त सुटीत पाय लावायची, तेही बूट घालून. सेंद्रियचं खूळ त्या धाकट्या दिरानंच आणलेलं. शहरात लोकांचं एक मंडळ होतं. मंडळातल्या लोकांची पोटं नाजूक होती आणि त्यांना विष नसलेली भाजी हवी होती. "दादा, तू फवारणी बंद कर, मंडळ तुझा सगळा माल उचलेल," असं तो फोनवर म्हणाला. फोनवर शेती फार सोपी असते.

थोरलीनं त्याला विरोध केला नव्हता. त्याचं कारण मंडळ नव्हतं, नवरा होता. तिचा नवरा लग्नाआधीपासून पाठीला पंप लावून औषध मारत आला होता. शेतकरी त्याला औषधच म्हणतो, विष म्हणायला लागला तर उद्या पाठीला कसं लावणार? एका दुपारी तो औषध मारता मारता कोबीत आडवा झाला. तोंडाला फेस, डोळ्यांची बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी, आणि पँट ओली. थोरलीनं आणि शेजारणीनं त्याला बैलगाडीत घातलं. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "वाचलाय. पण हे ह्याच्या अंगात मुरलंय. पुन्हा पंप लावला तर पुढच्या वेळी इथं आणायची घाई करू नका."

तेव्हापासून पंप घरातून गेला. आणि खोटं कशाला बोलायचं, फरक पडला. नवऱ्याच्या हातांची सालं निघायची थांबली, रात्रभर खोकून घर जागवायचा ते बंद झालं. मातीसुद्धा बदलली. आधी खुरपं मारलं की ठणकन आवाज यायचा, आता ते लोण्यात शिरल्यासारखं शिरायचं आणि ढेकळाखाली गांडुळं वळवळायची. फायदा नव्हता असं नाही. फक्त तो सगळा फायदा थोरलीच्या कमरेतून वळता होत होता. तणनाशक नाही म्हणून खुरपणी, औषध नाही म्हणून अळ्या वेचणं. मजूर बायका एक हंगाम आल्या आणि हात जोडून गेल्या. "बाई, दुसऱ्याच्या शेतात खुरपं एकदा फिरतं," त्या म्हणाल्या, "तुमच्यात आम्ही पुढं आणि गवत आमच्या मागं."

राहिला सासरा. म्हातारा घरातला करता पुरुष होता, म्हणजे स्वतः करत काही नव्हता. ओसरीवर बसून तो शेत करायचा, तोंडानं. सेंद्रियचा कागद मिळायला शेत तीन वर्षं स्वच्छ ठेवावं लागत होतं आणि आता शेवटची तपासणी उरली होती. म्हाताऱ्यानं जेवताना सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं, "ह्या वेळी कागद आला तर ठीक. नाही आला तर पंप परत आणायचा. माझं शेत म्हणजे अळ्यांची खानावळ नाही." नवऱ्यानं मान खाली घालून भाकरी मोडली. तो बापापुढं कधी बोललाच नव्हता. कागद नाही आला तर पंप कुणाच्या पाठीला लागणार हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बोलत कुणीच नव्हतं.

तपासनीस पुढच्या आठवड्यात येणार असा निरोप आला, आणि त्याच सकाळी बांधापलीकडून पंपात पाणी भरल्याचा आवाज आला.

बांधापलीकडचं शेत नवऱ्याच्या चुलतभावाचं होतं. त्याला सगळे पैलवान म्हणत. तो उभ्या जन्मात कधी कुस्ती खेळला नव्हता, पण मान जाड आणि अक्कलही तेवढीच जाड, म्हणून नाव चिकटलं. त्याच्याही फ्लॉवरवर अळी पडली होती. दुपारचा वारा त्याच्या शेतावरून थेट ह्यांच्या शेतात यायचा. त्यानं औषध मारलं की निम्मं त्याच्या अळ्यांना आणि निम्मं ह्यांच्या पानांवर. आधीचं उडालेलं एव्हाना उतरलं असेल, पण ताजं लगेच सापडणार. तपासनीसानं कडेचं एक पान तोडून प्रयोगशाळेत पाठवलं की तीन वर्षं पाण्यात.

"तू जा," म्हातारा थोरलीला म्हणाला. "माझं आणि त्याचं बांधावरून वाजलेलं आहे. बाईमाणसाला तो नाही म्हणणार नाही."

बांध कोरताना म्हाताऱ्याला बाईमाणसाची आठवण झाली नव्हती, पण आता झाली. थोरली गेली.

पैलवान अंगणात बादलीत औषध कालवत होता. काठी सापडली नसावी, कोपरापर्यंत हातच घातला होता. त्याची बायको बाजूला भांडी घासत होती. वास असा की थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"भावजी, एक आठवडा थांबा. तपासनीस येऊन जाऊ दे."

"वहिनी, तसं अळ्यांना सांगा ना. त्या थांबल्या तर मी थांबतो."

"मी खेळायला आलेली नाही."

"मीही खेळत नाहीये. तुमच्या शहरातल्या पोटांसाठी मी माझं पीक किड्यांपुढं वाढून ठेवू? म्हणे आमच्या भाजीत विष असतं. जन्मभर तीच भाजी खातोय. बघा, मेलोय का?"

"मेला नाहीत," त्याची बायको भांड्यांतून मान वर न करता म्हणाली, "पण औषध कालवायला काठी घ्यावी एवढंही डोक्यात उरलेलं नाही."

"तू भांडी घास." पैलवानानं हात झटकला. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं आणि तो गालात हसला. "बरं, एक करू. तुम्ही हातानं वेचता ना? मग माझ्याही शेतातल्या वेचा. तपासनीस येईपर्यंत पंपाला हात लावणार नाही. पण एका गड्ड्यात जरी अळी दिसली तर त्या क्षणी चालू."

तो हे चेष्टेत बोलला होता. वहिनी चिडेल, चार शब्द ऐकवेल आणि जाईल, मग आपण मोकळे, एवढाच त्याचा हिशोब.

"उद्यापासून येते," थोरली म्हणाली.

पैलवानाचं हसू ओठांवर तसंच वाळलं. शब्द तोंडातून गेलेला, आणि ऐकायला बायको समोर. त्यानं बादलीवर पोतं झाकलं.

दुसऱ्या दिवशीपासून थोरली पहाटे आपल्या सऱ्या उरकायची आणि ऊन वर यायच्या आत बांध ओलांडायची. नवरा डबा घेऊन मागोमाग निघाला तेव्हा तिनं त्याला बांधावरच अडवलं.

"तुम्ही आपल्यात वेचा."

"दोघं असलो तर लवकर उरकेल."

"त्याच्या पानांवर आधीचं औषध बसलेलं आहे. तुम्ही त्यात हात घालू नका."

"आणि तू घातलास तर?"

"मी पडले तर तुम्ही शिवी देऊन उचलाल. तुम्ही पडलात तर मी कुणाला शिव्या देऊ?"

तो तिथंच उभा राहिला. चांगला माणूस, पण चांगुलपणाही कधी कधी नुसता उभा राहतो, बुजगावण्यासारखा.

पैलवानाच्या शेतातल्या सऱ्या लांब होत्या आणि गड्डे असे की डोळ्यांत भरावेत. दाट, पांढरे, घट्ट, लग्नातल्या फेट्यासारखे. थोरलीच्या शेतातले त्यांच्यापुढं आजारातून उठलेल्या पोरांसारखे दिसायचे. पानांवर वाळलेल्या औषधाची पांढरी बुकणी होती. पहिल्याच दिवशी बोटांची पेरं खाजायला लागली, दुसऱ्या दिवशी लाल झाली, मग चिरा पडल्या आणि साबणाचं पाणी त्यांत शिरून आग व्हायला लागली. तोंडाला फडकं बांधून ती सरकत राहिली. आपल्या शेतात विष पडू नये म्हणून दुसऱ्याच्या शेतातलं विष हातानं पुसायचं, हे काम शहरातल्या कुठल्याही मंडळाला सुचलं नसतं.

पैलवान बांधावर उभा राहून अधूनमधून एखादा गड्डा उलगडून बघायचा. अळी मिळाली नाही की त्याला वाईट वाटायचं.

"वहिनी, तुम्ही अळ्यांचं वाटोळं केलंत. त्यांनाही पोरंबाळं असतील."

"तुमच्या डोक्यातल्या राहिल्यात. त्या कधी काढायच्या ते सांगा."

एके सकाळी पैलवानाची बायको डबा घेऊन आली आणि शेजारच्या सरीत बसली. दोघी पानं उलटत पुढं सरकल्या.

"तुला पाठवलं का त्यांनी?" थोरलीनं विचारलं.

"ते कशाला पाठवतील? मला घरातून तुमची पाठ दिसते, जाऊबाई. सकाळपासून तीच दिसते. घशाखाली चहा उतरत नाही."

"मग मागच्या दारानं पीत जा."

दोघी हसल्या. मग पैलवानीण आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगू? ह्यांना सांगू नका. घरी खायला मी परसात चार वाफे वेगळे लावते. त्यांवर औषध पडू देत नाही. पोरांच्या पोटात हे घालायचं मन होत नाही."

थोरलीनं डबा खाली ठेवला. "आणि आमच्या घरी काय शिजतं माहीत आहे? तुमच्या बांधाला लागून ज्या सऱ्या आहेत ना, त्या मंडळाला चालत नाहीत. तुमचा वारा लागतो म्हणून. त्या आम्ही खातो. आतलं सगळं मंडळाला."

"म्हणजे आमचं औषध तुम्ही खाता?"

"आणि तुम्ही सेंद्रिय."

पैलवानीण इतकी हसली की डब्यातलं पाणी हिंदकळून चार अळ्या बाहेर पडल्या आणि त्या पुन्हा शोधाव्या लागल्या.

त्याच दिवशी मंडळाची ताई आली. ती आली की आधी तिची टोपी दिसायची, रुंद काठाची, गवताची, मग ती. खरं तर ती शेतकऱ्यांना मान देणारी बाई होती. येताना बुटांवरून घालायच्या प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा आणायची. मंडळातल्या लोकांना आपलं अन्न कुठून येतं ते दाखवायचं म्हणून तिला फोटो हवे होते. ती बांधावरून आली, तिनं दोन वाकलेल्या बायका बघितल्या आणि तिचा जीव हरखून गेला.

"अगदी अशाच राहा. हलू नका."

"ताई, हे शेत आमचं नाही," थोरली म्हणाली. "आमचं पलीकडं."

ताईनं पलीकडं बघितलं, मग परत इकडं. "राहू द्या. मागं हिरवं छान येतंय. तिकडं जरा पिवळट वाटतं. आणि तोंडावरचं फडकं काढता का? चेहरा दिसला पाहिजे. लोकांना चेहरा आवडतो."

थोरलीनं फडकं सोडलं.

"आता अळी अशी वर धरा. हसा थोडं."

"अळीला पण सांगू का?"

ताई हसली आणि तिनं फोन आडवा-उभा करत बरंच काही टिपलं. मग तिनं एक लांब श्वास घेतला. पैलवानाच्या शेतात घेतला, पण तिला काय माहीत. "किती शांत काम आहे हो हे. ध्यानासारखं. आम्हाला तिकडं ह्यासाठी वर्ग लावावे लागतात."

"मग बसा की. ही सरी रिकामीच आहे."

"बसले असते, पण माझा गुडघा." ताई म्हणाली, आणि थोरली उठताना जमिनीला हात टेकत होती ते बघत म्हणाली, "तुमच्यामुळं आमच्या यजमानांची ॲसिडिटी गेली, माहितीये? पूर्ण गेली. कुठल्याही डॉक्टरला जमलं नव्हतं. तुम्हाला फार पुण्य लागतंय."

पुण्य कुठं लागतंय ते थोरलीनं सांगितलं नाही. ते बोटांच्या चिरांतून ठणकत होतं.

तपासनीस यायचा त्या दिवशी म्हाताऱ्यानं धुतलेला सदरा घातला आणि ओसरीवर चादर अंथरली. पैलवानही येऊन बसला होता, गंमत बघायला. तपासनीस उन्हं डोक्यावर आल्यावर उगवला, कानाला फोन लावूनच. फोन संपेपर्यंत सगळे उभे राहिले. मग तो बसला, चहा प्याला आणि कुठलं खत, कुठलं बियाणं असं विचारत गेला. म्हातारा उत्तरं देत होता. शेणखत मीच घालतो, खुरपणी मीच करून घेतो, अळ्यांवर माझं बारीक लक्ष असतं. थोरली दाराआड उभी राहून ऐकत होती. तिचे हात चिंध्यांत गुंडाळलेले होते.

"शेजारी काय करतो?"

म्हातारा अंथरलेल्या चादरीची सुरकुती काढायला लागला.

"शेजारी हातानं वेचून घेतो," पैलवान गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "औषध नाही. वहिनींना विचारा."

तपासनीसानं ओसरीच्या पायरीवरून शेताकडं नजर टाकली. पहाटेच पाणी सोडलं होतं, सऱ्या ओल्या होत्या. "आत चिखल आहे का?"

"थोडा आहे."

"मग इथलंच घेऊ." त्यानं वाटेच्या कडेचं, घराला खेटून उगवलेलं पहिलं रोप बघितलं, एक पान तोडलं, पिशवीत घातलं. बांधाकडं तो गेलाच नाही. बांध कुठं आहे हेही विचारलं नाही. "चांगलं ठेवलंय. हा नमुना नावापुरता. कागद येईल."

थोरली दाराआडून त्याच्या बुटांकडं बघत राहिली. स्वच्छ होते. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. तिनं हातांच्या चिंध्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या.

म्हाताऱ्यानं आतल्या सऱ्यांतले निवडक गड्डे पिशवीत भरून तपासनीसापुढं केले.

"नको, नको," तो मागं सरकत म्हणाला. "घरी नाही चालत. आमच्या हिला अळीची फार किळस आहे. आम्ही दुकानातलंच घेतो."

दुसऱ्या दिवशी पैलवानानं पंप लावला. शब्द पाळला होता, आता तो मोकळा होता. वारा नेहमीसारखाच वाहत होता.

कागद मात्र आला. म्हाताऱ्यानं तो काचेत बसवून ओसरीवर टांगला, आणि मंडळाची गाडी माल उचलायला आली तेव्हा ताईला आधी तो बघायला लावला. ताईनं कागदाचाही फोटो काढला. मग ती भरून ठेवलेल्या क्रेटांजवळ आली आणि एक गड्डा हातात घेऊन फिरवून बघायला लागली. तिचा चेहरा पोराचे मार्क बघणाऱ्या आईसारखा झाला.

"हे जरा लहान नाहीत का? आणि भोकं."

"अळीची आहेत," नवरा म्हणाला. "अळी काढलेली आहे."

"ते ठीक आहे हो, पण मागच्या वेळी एका बाईच्या ओट्यावर एक निघाली. जिवंत. ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं होतं." ताईनं फोन पुढं केला. "आणि लोकांनी फोटो पाहिलाय ना. त्यांना फोटोतला फ्लॉवर हवाय. हा बघा, हा."

फोटोत थोरली होती, अळी वर धरून, आणि तिच्यामागं पैलवानाचे पांढरे गड्डे.

पैलवान बांधावरच होता. त्याच्या नाकाला असल्या गोष्टींचा वास लवकर लागतो. जाड माणूस, पण गाडीजवळ यायला त्याला वेळ लागला नाही, आणि येताना त्यानं नमुन्याला दोन गड्डे आणले होते.

"हेच," ताई म्हणाली. "हेच ते."

थोरली मध्ये आली. "ताई, ह्याच्यावर औषध मारलेलं आहे. परवाच पुन्हा मारलंय."

ताईनं पैलवानाकडं बघितलं. पैलवानानं आभाळाकडं बघितलं, पाऊस येतो का ते.

"पण मी स्वतः पाहिलं ना. तुम्हीच तर वेचत होतात."

"ते ह्यांचं शेत होतं. मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला."

ताई थोरलीच्या जवळ आली, टोपीचा काठ तिच्या कपाळाला लागेल इतकी. "असं सगळ्यांसमोर बोलू नका," ती हळूच म्हणाली. "लोकांनी विश्वास टाकलाय. एका खेपेनं कुणाला काही होत नाही. धुऊन घेतात सगळे. पुढच्या वेळी तुमचेच घेऊ, थोडे मोठे होऊ देत." आणि मोठ्यानं म्हणाली, "तुमचेही घेते ना. प्रत्येक खोक्यात वर एक एक ठेवते. भोकाचा वर दिसला की लोकांना खात्री वाटते."

तसं झालं. खाली पैलवानाचे, वर ह्यांचा एक, मानाला. गाडी गेली. ह्यांचे बाकीचे क्रेट उन्हात राहिले आणि दुपारपर्यंत गड्ड्यांना पिवळी झाक आली.

म्हातारा सगळं ओसरीवरून बघत होता. तो ओरडला नाही, चिडला नाही. त्याला काहीतरी उमगलं होतं, आणि म्हाताऱ्याला काही उमगलं की घरात कुणाला तरी भोगावं लागायचं. त्यानं काचेतल्या कागदाकडं बघितलं, मग पैलवानाच्या शेताकडं.

"कागद आपला आणि माल त्याचा," तो स्वतःशीच म्हणाला. "मग मधे त्याला कशाला ठेवायचा? कागद आहेच. आता मारलं तर कोण बघतंय."

संध्याकाळी तो स्वतः बांध ओलांडून गेला. ज्या बांधावरून वर्षानुवर्षं वाजलं होतं, तो त्यानं हसत ओलांडला आणि पैलवानाचा पंप औषधासकट मागून आणला.

सकाळी थोरली चूल पेटवून बाहेर आली तेव्हा नवरा अंगणात पंप भरत होता. तोंडाला तिचंच फडकं बांधलेलं. पाणी बाहेर सांडत होतं.

"हे काय?"

"बाबा म्हणाले."

"आणि डॉक्टर काय म्हणाला होता?"

"एकदाच मारायचंय. वरच्यावर."

"पडलात तेही एकदाच पडला होतात."

त्यानं पट्टे खांद्यात अडकवले, वजनानं थोडा मागं गेला, सावरला आणि शेताकडं निघाला. म्हातारा ओसरीवरून उतरून बांधापर्यंत आला होता, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. ह्या कामात वाकायचं नव्हतं.

थोरलीनं भांडण केलं नाही. ती डबा घेऊन नवऱ्याच्या पुढून चालत गेली आणि त्याच्या सरीत, त्याच्या पावलांपासून दोन हातांवर, पाठमोरी उकिडवी बसली. पान उलटलं, अळी काढली, डब्यात टाकली.

"सरक," नवरा म्हणाला.

"तुम्ही मारा."

"तुझ्या अंगावर येईल."

"येऊ दे. माझ्यात अजून मुरलेलं नाही. तुमच्यापेक्षा मी जास्त टिकेन."

तो पलीकडच्या सरीत गेला. थोरली हात टेकून उठली, पलीकडच्या सरीत गेली आणि त्याच्या पुढ्यात बसली. तो तिसऱ्या सरीत वळला. तीही वळली. तिला उठायला वेळ लागत होता, जमिनीला हात, मांडीला हात, मग बाकीचं शरीर. आणि तो थांबत होता. ती उठेपर्यंत थांबायचा आणि मग वळायचा, जणू तिला गाठू द्यायलाच.

"अरे, मार की," बांधावरून म्हातारा म्हणाला. "बायको आहे का बुजगावणं?"

नवऱ्याचा हात दांड्यावर होता. त्यानं दांडा एकदा खाली दाबला. नळीच्या तोंडाशी थेंब आला, लोंबला आणि मातीत पडला. थोरलीनं मागं वळून बघितलं नाही. तिची पाठ त्याच्यासमोर होती, पोलक्याखाली मणके ओळीनं वर आलेले. त्यानं ती पाठ कधी इतक्या जवळून, इतका वेळ बघितली नसावी.

त्यानं पट्टे खांद्यांवरून सोडले. पंप सांभाळून जमिनीवर ठेवला, उलटू नये म्हणून पायाचा आधार दिला.

"ओतू कुठं?" त्यानं विचारलं.

"इथं नाही. ज्याचा आहे त्याला देऊन या, भरलेलाच."

तो पंप दोन्ही हातांत धरून निघाला. म्हातारा त्याच्या वाटेत होता. लग्नापासून पहिल्यांदा थोरलीनं बघितलं की नवरा बापाजवळून गेला आणि थांबला नाही.

म्हातारा तिच्याकडं वळला. "मग ह्या अळ्या कोण वेचणार? तू किती दिवस वेचशील? तुझी कमर गेलीय ना?"

"गेली," थोरली म्हणाली. "म्हणून आता अर्ध्याच सऱ्या माझ्या."

तिनं डबा त्याच्या हातात दिला. तो त्यानं कसा धरला हे त्यालाही कळलं नाही. आतल्या अळ्या पाण्यावर तरंगत होत्या. त्यानं जवळच्या गड्ड्याकडं, उभ्यानंच, मान तिरकी करून बघितलं.

"कुठं आहे? मला तर एकही दिसत नाही."

"वाका," थोरली म्हणाली, आणि आपल्या सरीत पुढं सरकली.